शस्त्रे ‘गहाळ’ झाली की लुटली गेली?

३ मे २०२३ रोजी मणिपूर पेटले. त्यानंतर पोलीस आणि राखीव दलांच्या शस्त्रागारांतून सुमारे ६ हजार शस्त्रे लुटली गेल्याचे आकडे बातम्यांत आले. ३ ऑगस्टला बिष्णुपूर जिल्ह्यातील नारानसैना येथे इंडिया रिझर्व्ह बटालियनच्या मुख्यालयातून जमावाने बंदुका आणि १९ हजारांहून अधिक काडतुसे नेली. याच शस्त्रांबद्दल कधी ‘लूट’, कधी ‘चोरी’, कधी ‘गहाळ’ असे वाचायला मिळते.

हा फक्त शब्दांचा घोळ नाही. गहाळ होते ती किल्ली. सरकारी बंदुकीला क्रमांक असतो, तिची नोंद असते, तिच्यावर पहारा असतो. ‘गहाळ’ म्हटले की पहारा कोणाचा होता, हा प्रश्नच बाजूला पडतो.

आकड्यांचेही तेच. २० फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यपाल अजयकुमार भल्ला यांनी सात दिवसांत शस्त्रे जमा करण्याचे आवाहन केले. पुढे मुदत ६ मार्चपर्यंत वाढवली. सुमारे १ हजार शस्त्रे जमा झाली. मग ६ हजारांतून १ हजार वजा करायचे का? नाही. जमा झालेल्यांत गावठी बनावटीच्या बंदुकाही होत्या आणि झडतीत सापडलेली शस्त्रे वेगळीच. खरा हिशोब सरकारने क्रमांकानिशी जाहीर केला, तरच कळेल.

माध्यमांचे काय? दोन महिलांची विवस्त्र धिंड ४ मे रोजी निघाली, देशाला ती १९ जुलैला कळली. एका मोठ्या वृत्तसंस्थेने त्या प्रकरणात चुकीच्या माणसाच्या अटकेची बातमी दिली आणि नंतर माफी मागितली. तोवर अफवा फोनाफोनी पसरली होती. खैरलांजीची बातमी किती उशिरा आणि किती विकृत रूपात आली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणूनच दुसऱ्यांच्या दुःखाबाबत आपण तीच चूक करता कामा नये.

केवळ ऐकले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. मित्रांनो, शस्त्रांची बातमी पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा: शस्त्रे कोणाची? आकडा कोणी दिला? कोणत्या तारखेचा? परत आलेली किती? उत्तर नसेल तर बातमी पुढे पाठवू नका, पण प्रश्न मात्र सरकारला विचारत राहा. लुटलेली प्रत्येक बंदूक आजही कुणाच्या तरी घराकडे रोखलेली असू शकते.

जय भीम!