आधी मोजणी, मग अर्ज

‘साहेब, बांधकाम झालंय, तेवढं रेग्युलर करून द्या.’ हे वाक्य न ऐकलेला वास्तुविशारद किंवा स्थापत्य अभियंता महाराष्ट्रात विरळाच. टेबलावर नोटीस असते, पक्षकार धास्तावलेला असतो आणि शेजाऱ्याचं कसं ‘जमलं’ ते सांगत असतो. अशा वेळी नियमात बसेल असा नकाशा काढून मोकळं होण्याचा मोह पडतो. नकाशा एक सांगतो, जागेवर दुसरंच उभं असतं.

कायद्याने वाट ठेवली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस आली, तरी तिच्या मुदतीत कलम ४४ प्रमाणे बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज निकाली निघेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. पण हा दयेचा अर्ज नव्हे. आधी विचारलं असतं तर जे मिळालं असतं, तेवढंच आता मागायचं असतं.

म्हणून आधी हद्द कायम मोजणी. मग सामासिक अंतरं, वापरलेला एफएसआय, रस्तारुंदी, आरक्षण. यातून तीन वाटे पडतात : नियमात बसणारं, प्रीमियम भरून बसवता येणारं आणि कशातच न बसणारं. तिसरा वाटा पाडावा लागेल, हे पहिल्याच बैठकीत सांगायला हवं. ते लांबवून पक्षकाराचं भलं होत नाही, फक्त त्याचा खर्च वाढतो.

प्रीमियमचा हिशेब मांडण्याआधी आणखी एक काम आहे. परवानगीविना उठलेल्या इमारतीची जोते तपासणी झालेली नसते. पायात किती सळई गेली, हे कोणी पाहिलेलं नसतं. शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ७४ माणसं गेली. शुल्क भरल्याने काँक्रीटची ताकद वाढत नाही. संरचनात्मक तपासणीत जे नापास, त्याच्यासाठी अर्जच करू नये.

न्यायालयांचा सूरही आता कडक आहे. झालेला खर्च किंवा प्रशासनाची दिरंगाई ही बेकायदा बांधकामाची ढाल होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावलं. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बँकांनी कर्ज आणि यंत्रणांनी वीज-पाणी देऊ नये, असंही सांगितलं. त्याआधी महिनाभर कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. खोट्या परवानग्यांच्या जोरावर तिथे महारेराची नोंदणीही मिळवली गेली होती. घरं घेणाऱ्यांनी कागद पाहिले होते. कागदच खोटे होते.

पाडायचा भाग नकाशावर पिवळ्या रेघांनी दाखवायचा, हे आपण शिकतानाच गिरवलेलं आहे. त्या रेघा ओढल्या की काही पक्षकार नकाशा गुंडाळून दुसऱ्या कार्यालयाची पायरी चढतील. चढू द्यावं. तिथल्या नकाशावर आपली सही नसेल.