रक्तगट जुळला, तरी मज्जा का जुळत नाही?

“माझा रक्तगट नातवाशी जुळतो, मग मज्जा माझीच का घेत नाहीत?” थॅलेसेमियाग्रस्त नातवाच्या उशाशी बसलेल्या आजोबांच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. त्यामागील माया जाणूनच त्याचे उत्तर द्यावयास हवे.

रक्तगट तांबड्या पेशींवरील खुणांवरून ठरतो. अस्थिमज्जेची जुळणी मात्र ‘एचएलए’ नावाच्या खुणांवर अवलंबून असते. आपले कोण व परके कोण, हे रोगप्रतिकारशक्ती याच खुणांवरून ओळखते. रक्तगट मोजके, तर एचएलएचे प्रकार हजारो. म्हणूनच रक्तगट वेगळा असूनही मज्जारोपण होऊ शकते. परंतु एचएलए न जुळल्यास धोका वाढतो.

या जनुकांचा एक संच आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे आईवडील सहसा निम्मेच जुळतात. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारांत एक असते. आजोबांचा संच नातवापर्यंत पोहोचेलच असे नाही. शिवाय वयाचीही मर्यादा असते. घरात कोणी जुळले नाही, तर ऐच्छिक दात्यांच्या नोंदवहीत शोध घ्यावा लागतो.

येथे प्रदेशाचे महत्त्व कळते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर लोकवस्ती दीर्घकाळ अलग राहिल्याने एचएलएचा एक विशिष्ट संच तेथे विशेष प्रमाणात आढळतो. आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी ठरावीक समाजात व टापूत होत आल्या. निलंग्याच्या लेकी औसा-उदगीरला जातात, तशाच सीमेपलीकडे भालकी-बिदरलाही. म्हणून येथील रुग्णाला जुळणारा दाता परदेशापेक्षा याच मुलखात मिळण्याचा संभव अधिक. जर्मनीत नव्वद लाखांहून अधिक दाते नोंदलेले आहेत. लोकसंख्येच्या मानाने आपली नोंदणी मात्र अगदीच तोकडी आहे.

नोंदणीसाठी गालाच्या आतील बाजूस कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. पुढे जुळणी झाल्यास बहुधा पाच दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतून मूळपेशी वेगळ्या केल्या जातात. दात्याच्या शरीरात त्या काही आठवड्यांत पुन्हा भरून येतात. “पोर अधू होईल” ही भीती निराधार आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. रोपणापूर्वी तीव्र औषधे देऊन रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट करतात. त्यानंतर घरच्यांच्या आग्रहामुळे दात्याने माघार घेतली, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून शंका असतील त्या होकारापूर्वीच विचाराव्यात.

घरात विवाह ठरत असल्यास, विशेषतः नात्यात, दोघांचीही थॅलेसेमिया-वाहक तपासणी आधी करून घ्यावी.

ज्येष्ठांना स्वतः मज्जा देता येणार नाही. पण तरुण नातवंडांना दिलेला त्यांचा होकार कुणाच्या तरी लेकराला जीवदान देऊ शकेल.