पिकअपची मॅट एकदा उचलून बघा

मंडळी, बार्शीच्या बाजार समितीत माल घेऊन येणाऱ्या जुन्या पिकअप गाड्यांबद्दल थोडं बोलायचंय. वरून रंग चकाचक असतो, पण केबिनमधली रबरी मॅट उचलली की काही गाड्यांत खालचा रस्ता दिसतो.

कारण साधं आहे. खताची पोती वाहताना युरिया सांडतो. तो ओलावा धरतो आणि पत्रा खातो. मॅटखालचा चिखल तर लवकर वाळतच नाही.

मग गंजावरच नवा पत्रा ठोकायचा आणि वर डांबर फासायचं. दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकतं, गंज आत वाढतच राहतो. खरं काम म्हणजे चांगला पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापायचा, तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्डिंग करायचा, सांधे बुजवायचे, रेड ऑक्साईड मारायचं. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची, खालच्या डिझेल-ब्रेकच्या पाइपा सांभाळायच्या. गंज चेसीत शिरला असेल तर नुसतं ठिगळ नकोच.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस लागतं. माझं म्हणणं एवढंच, त्या तपासणीत मॅट उचलली पाहिजे, गाडीखाली वाकून बघितलं पाहिजे. लाइट-इंडिकेटर लागले म्हणजे गाडी धड झाली असं नव्हे.

हप्ता, डिझेल, टायर यातून मालकाच्या हाती फार उरत नाही, हे मान्य. पण ड्रायव्हरची सीट त्याच पत्र्यावर बसवलेली असते. मागं हौद्यात शेतमजूर बायाबापड्या बसतात. नियमात बसत नाही, तरी रोज दिसतं. पावसाळ्याआधी हे काम उरका.