राग आवरा, म्हणजे नेमके काय करा?



ज्याच्यावर घोर आघात झाला आहे त्याला उपदेश करणाऱ्यांची वाण कधीच पडत नाही. 'झाले गेले विसरा', 'मन घट्ट करा', 'राग आवरा'! उपदेशक रात्री सुखाने झोपतो. ज्याला उपदेश केला त्याची झोप मात्र उडालेली असते, आणि ती का उडाली हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. 'मनाचा दुबळेपणा' हा शब्द फेकला की सर्वांचे काम भागते. आमचे भांडण या शब्दाशी आहे.

१९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणाव विकारास आपल्या ग्रंथात स्थान दिले. आत कोठेतरी एक रोग दडला आहे आणि दुःस्वप्ने, दचकणे, चीड, बधिरता ही त्याची बाहेर दिसणारी चिन्हे, अशी समजूत पुष्कळ काळ चालली. ॲमस्टरडॅमचे डेनी बोर्सबूम व त्यांचे सहकारी यांनी तिला हात घातला. लक्षणेच एकमेकांस जन्म देतात व एकमेकांस जागती ठेवतात, असे त्यांचे म्हणणे. दुःस्वप्नाने झोप मोडते. झोप मोडलेला मनुष्य दिवसभर चिडतो. चिडला की माणसे दूर जातात. एकटेपणात जुनी आठवण चालून येते, आणि रात्री पुन्हा तेच स्वप्न! यात दुबळेपणा कोठे आला? हे जाळे आहे. जाळ्यात अडकलेल्यास 'धीर धर' म्हटल्याने त्याचे धागे तुटत नाहीत.

१२ मे २००८ रोजी चीनमधील वेन्चुआन येथे भूकंप झाला. सुमारे ६९ हजार माणसे मेली. शाळांच्या इमारती कोसळल्या; ५,३३५ विद्यार्थी मृत वा बेपत्ता झाले, असे सरकारनेच २००९ साली जाहीर केले. या भूकंपात अपत्य गमावलेल्या ३६२ प्रौढांच्या १७ लक्षणांचे जाळे हार्वर्डचे रिचर्ड मॅकनॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडले. सतत सावध राहणे आणि दचकणे यांच्यामधला धागा त्यात घट्ट निघाला.

त्या १७ लक्षणांत चीड हेही एक आहे. येथे क्षणभर थांबा. शाळांचे बांधकाम निकृष्ट होते असे म्हणत आईबाप जाब विचारू लागले, आणि त्यांना गप्प बसविण्यात आले. त्या आईच्या संतापाला तुम्ही काय नाव द्याल? लक्षण? प्रश्नावलीत चिडीसमोर खूण होते; शाळा कोणी बांधली, याचा रकाना तीत नसतो. जाळे मनुष्याच्या आतले काढले जाते. त्याचा जो धागा ठेकेदाराच्या आणि अधिकाऱ्याच्या दारापर्यंत जातो, तो कागदावर येत नाही.

कोणी म्हणेल, मग हे शास्त्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. उलट ते नीट वाचावे. भावनांचे नियमन करण्यातील अडचणी मोजण्यासाठी ग्रात्झ व रोमर यांनी २००४ साली ३६ विधानांची मोजपट्टी तयार केली. राग येणे हीच अडचण, असे ती कोठेही धरीत नाही. मनात काय चालले आहे तिकडे लक्ष जाते काय, त्या भावनेचा उलगडा होतो काय, अस्वस्थ असता हातचे काम होते काय, वर्तन ताब्यात राहते काय, यातून मार्ग निघेल असे वाटते काय, आणि अशी भावना आल्याची स्वतःलाच लाज वाटते काय, हे ती पाहते. ही लाजच अडचणींत धरलेली आहे! तेव्हा 'राग येणे वाईट' म्हणून दुःखिताला खाली मान घालावयास लावणारा उपदेशक त्याची अडचण वाढवीत असतो.

आघाताची लक्षणे व या अडचणी एकाच जाळ्यात मांडून त्यांना जोडणारा पूल शोधण्याचे काम अलीकडे चालले आहे. काम चांगले आहे. तथापि एकदाच विचारलेल्या प्रश्नांतून धागा दिसला, तरी कोणी कोणास ओढले हे दिसत नाही. आणि अशी जाळी दुसऱ्या लोकसमूहात तशीच निघतात काय, यावर २०१७ सालापासून तज्ज्ञांतच कडाक्याचा वाद आहे. म्हणून सर्वांत मोठी गाठ हेच मूळ, ती सोडविली की माणूस बरा, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून दूर राहा.

तुमच्या घरी असे कोणी असेल तर त्याला प्रथम झोपेविषयी विचारा, रागाविषयी नव्हे. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. आणि ज्याने त्याचे नुकसान केले त्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा राहिला असेल, तर तोही त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर बसून लिहा.