आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं

पुतिनवर वॉरंट निघालं तेव्हा टाळ्या वाजवणारे आणि नेतन्याहूंवर निघालं तेव्हा शिव्या घालणारे माझ्या मित्रयादीत आहेत. अगदी उलटं करणारेही आहेत. माझं भांडण दोघांशी आहे.

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ ला पुतिनवर वॉरंट काढलं, युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून. २१ नोव्हेंबर २०२४ ला नेतन्याहूंवर काढलं, गाझात लोकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार केल्याच्या आरोपावरून. त्याच दिवशी हमासच्या मोहम्मद देईफवरही काढलं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. रशिया सदस्य नाही, इस्रायलही नाही. पण युक्रेन आणि पॅलेस्टाईन या दोघांनीही आपल्या भूमीवर न्यायालयाचा अधिकार मान्य केलाय. म्हणजे नियम एकच.

बदलतो तो बघणारा. बायडेनना पहिलं वॉरंट योग्य वाटलं, दुसरं संतापजनक. मंगोलिया सदस्य, तरी सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिनना मानवंदना. हंगेरी सदस्य, तरी एप्रिल २०२५ मध्ये नेतन्याहूंचं स्वागत, वर बाहेर पडायची घोषणा!

कायद्यात पेच आहे, मान्य. रोम कराराचं कलम २७ म्हणतं, पद कितीही मोठं असो, सूट नाही. कलम ९८ म्हणतं, दुसऱ्या देशाच्या नेत्याचं संरक्षण मोडायला न्यायालय सदस्य देशाला सांगू शकत नाही. फ्रान्सने नेतन्याहूंसाठी हाच आधार पुढे केला. पण २०१९ मध्येच, सुदानच्या बशीर प्रकरणात, अपिलाच्या न्यायाधीशांनी सांगितलंय की आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे राष्ट्रप्रमुखाला सूट नाही. मंगोलियालाही तेच ऐकवलं. मग पेच उरला कुठे? उरली ती पळवाट.

"दात नसलेलं कोर्ट, बंद करा" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: या कोर्टाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. अटक सदस्य देशांनीच करायची. फिलिपिन्सने मार्च २०२५ मध्ये स्वतःच्याच माजी राष्ट्राध्यक्षाला, दुतेर्तेला, पकडून हेगला पाठवलं. मनात आणलं तर होतं.

भारत १९९८ मध्ये रोमच्या मतदानात तटस्थ राहिला, आजही सदस्य नाही. सरकारची कारणं सरकारपाशी. पण आपण नागरिक आहोत, आपल्याला कुठल्या दूतावासाची मर्जी सांभाळायची नाही. तेव्हा खाली कमेंट टाकण्याआधी तेच वाक्य पुतिनच्या जागी नेतन्याहू आणि नेतन्याहूंच्या जागी पुतिन घालून एकदा वाचा. तरीही पटलं, तर खुशाल टाका. मेलेल्या मुलांच्या आईबापांना वॉरंट कोणाच्या नावाचं यापेक्षा ते बजावलं का, हे महत्त्वाचं असतं.