कानात वायर बरी की बड्स?

आपल्या घरांत आता दोन प्रकारचे हेडफोन दिसतात. एक वायरचा, शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा. दुसरा बिनवायरचा, डबीत ठेवून चार्ज करायचा, ज्याला मुले 'बड्स' म्हणतात आणि ज्यासाठी हजाराच्या आसपास मोजावे लागतात. दहावी पास झाल्यावर मुलगा हाच मागतो. आमचे मत सरळ आहे: रोजच्या ऐकण्यासाठी वायरचाच घ्यावा.

पैशाचा मुद्दा तर आहेच. बड्समधली बॅटरी इवलीशी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते आणि बहुधा बदलून मिळत नाही. एक बड पडला की जोडी मोडते. वायरचा तुटला तर मजुरीच्या आठवड्यातही दुसरा आणता येतो.

ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूचा कॅन्सर होतो, असे वस्तीत बोलले जाते. ते आम्ही म्हणत नाही. ब्लूटूथची शक्ती कानाला लावलेल्या मोबाईलपेक्षा कितीतरी कमी असते आणि त्याने कॅन्सर होतो असे सिद्ध झालेले नाही. या भीतीत खरा धोका मात्र विसरला जातो. तो आवाजाचा आहे आणि दोन्ही प्रकारांत सारखाच आहे.

कानाच्या आतल्या शंखात केसासारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. म्हणजे आवाज थोडा चढला की वेळ दहापट घटतो. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबल. मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा, ही सोपी खूण.

वायरमध्ये आम्हाला एक गुण दिसतो, जो दुकानदार सांगत नाही. वायर दिसते. पोराच्या गळ्यात वायर लोंबते आहे म्हटल्यावर आई हाक न मारता खांद्याला हात लावते. बड्स केसांत, ओढणीखाली लपतात. समोरच्याला वाटते हा ऐकतो आहे. केमसारख्या गावात हे क्षुल्लक नाही. दौंड-सोलापूर रेल्वेमार्ग गावातून जातो. तो आता दुहेरी झाला आहे आणि विजेच्या गाड्या धावतात. जुन्या डिझेल इंजिनाची धडधड लांबून कळे, विजेची गाडी तेवढा गाजावाजा करत नाही. शिवाय एक गाडी गेली म्हणजे दुसऱ्या रुळावर काही नाही असे समजू नये. रूळ मधूनच ओलांडणे कायद्याने गुन्हा आहे, तरी लोक ओलांडतात. निदान कान तरी उघडे हवेत.

तसेच कारखान्यांचे. केमचे कुंकू महाराष्ट्रभर जाते, आणि ते तयार करणारे हात अनेकदा आपल्यासारख्याच घरांतले असतात. चालत्या यंत्राजवळ वायरही नको, बड्सही नकोत. वायर पट्ट्यात अडकू शकते. बड्स लावले की यंत्राच्या आवाजावर मात करायला गाणे आणखी मोठे केले जाते, म्हणजे कानावर दुहेरी मार. जेवणाच्या सुट्टीत, लांब सावलीत बसून प्रल्हाद शिंदेंची भीमगीते खुशाल ऐकावीत.

आमच्या डोळ्यांसमोर सर्वात जास्त भरतीची तयारी करणारी मुले-मुली येतात. रात्री शेजारी टीव्ही, लेकरे, भांडी. म्हणून ती कानात हेडफोन घालून तासन्‌तास व्याख्याने ऐकतात. अभ्यास थांबवा असे कोण म्हणेल? पण सैन्य, रेल्वे, पोलीस, कुठेही वैद्यकीय तपासणी असते आणि तीत कानही पाहिले जातात. कान बाहेरून झाकणारा वायरचा मोठा हेडफोन घेतला तर बाहेरचा गोंगाट कमी येतो आणि आवाज कमी ठेवूनही शब्द कळतो. त्याला दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत.

वायरवाल्यांनी एक पथ्य पाळावे: मोबाईल चार्जिंगला लावलेला असताना हेडफोन कानात घालू नये. स्वस्त, बिघडलेल्या चार्जरमधून विजेचा धक्का बसू शकतो. एकच जोडी घरभर फिरवू नये, कानाचा संसर्ग त्यातून पसरू शकतो. आणि नव्या मोबाईलला गोल छिद्र नसेल तर टाइप-सीचा वायरवाला हेडफोन मागावा, दुकानदार 'आता बड्सच चालतात' म्हणाला तरी.

हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, किंवा घरचे बोलतात ते पुटपुटल्यासारखे वाटू लागले, तर तेल घालत बसू नये. आधी करमाळ्याचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. तिथे तपासणी झाली नाही तर सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल तर मात्र त्याच दिवशी निघावे. अशा वेळी उपचाराला उशीर झाला तर ऐकणे परत येण्याची शक्यता कमी होत जाते.