सोने कोणासाठी घ्यावयाचे?

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. साहजिकच आज सराफकट्टा गजबजेल. पण मनुष्य खरोखर काय विकत घेतो? थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दाखविले, की पुष्कळशी खरेदी गरजेपोटी नव्हे, तर प्रतिष्ठेच्या प्रदर्शनासाठी होते. शेजारच्या घरी वस्तू आली, की आपले घर रिते भासू लागते. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील कौत्सास मात्र आपली गरज नेमकी ठाऊक होती : गुरुदक्षिणेपुरते १४ कोटींचे द्रव्य. कुबेराने त्याहून अधिक सुवर्ण वर्षिले, तरी जास्तीचे त्याने इच्छिले नाही. आपट्याच्या पानाचे सोने परंपरेने याच कथेशी जोडले आहे. ते देताघेताना वाचकहो, स्वतःस एवढेच विचारावे : हे मला हवे आहे, की लोकांस दाखवावयास हवे आहे?